रसायनशास्त्र अध्यापकांच्या परिषदा

शाळा, महाविद्यालय व विद्यापीठ अशा सर्व पातळ्यांवर रसायनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांनी अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, प्रयोग, परीक्षा व परिभाषा यांसंबंधी विचारविनिमय करण्यासाठी भरविलेली संमेलने. संशोधकांच्या परिषदांहून ही वेगळी होत. संशोधकांच्या परिषदेत नवे काय सापडले हे सांगितले जाते. येथे जे पूर्वीच सापडलेले आहे ते कोणत्या वयाच्या विद्यार्थ्याला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या साधनांनी शिकवावे हा प्रश्न असतो.

निरनिराळ्या पातळ्यांवरील अध्यापकांनी एकत्र बसण्याची गरज रसायनशास्त्रात विशेष भासते. या विषयात एकच संकल्पना विद्यार्थ्याला तीन-चार वेळा, दर वेळी निराळ्या रूपात, शिकावी लागते. अम्ल म्हणजे निळ्या लिटमसला तांबडा करणारा आंबट पदार्थ, असे तो प्रथम शिकतो. पुढे पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ ही स्वांटे अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांची व्याख्या येते. त्यानंतर प्रोटॉन देणारा पदार्थ ही ब्रन्स्टेड व लौरी यांची १९२३ मधील व्याख्या आणि अखेरीस इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारा पदार्थ ही ल्यूइस यांची व्याख्या त्याला भेटते. प्रत्येक वरच्या वर्गातील अध्यापकाला खालच्या वर्गात शिकविलेले काही अंशी मोडावे लागते. खाली काय व कशासाठी सांगितले गेले, हे त्याला ठाऊक नसेल, तर तो ते चुकीचे म्हणून मोडतो आणि विद्यार्थ्याचा दोन्ही गोष्टींवरील विश्वास उडतो.

कार्ल्सरूए येथे ३ ते ५ सप्टेंबर १८६० या काळात भरलेली परिषद ही रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मानतात. ती अध्यापकांची परिषद म्हणून ओळखली जात नाही. परंतु तिच्यामागील अडचण मोठ्या प्रमाणात अध्यापनाचीच होती. कार्बनाचा भार कोणी ६, तर कोणी १२ मानीत. ऑक्सिजनाचा ८ किंवा १६. त्यामुळे पाण्याचे सूत्रदेखील सर्वत्र एक नव्हते. आउगुस्ट केकूले (१८२९–९६) यांनी त्याच सुमारास प्रसिद्ध होत असलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक अम्लासाठी वापरात असलेली १९ सूत्रे नोंदविली आहेत. केकूले, व्हुर्ट्‌स व व्हेल्ट्सीन यांनी बोलाविलेल्या या परिषदेस सु. १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवसांच्या चर्चेतून सर्वमान्य असा निर्णय निघाला नाही. मात्र निरोपाच्या वेळी स्तानीस्लाओ कान्नीत्झारो (१८२६–१९१०) यांची एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. जेनोआ येथील आपल्या विद्यार्थ्यांना अणुभार व रेणुभार यांची संगती कशी लावून दिली जाते, याची १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेली ती रूपरेषा होती. लोथार मायर (१८३०–९५) यांनी ती वाचली आणि १८६४ मध्ये त्याच पायावर आपला ग्रंथ लिहिला. परिषदेस हजर असलेले मेंडेलेव्ह (१८३४–१९०७) यांनाही तिचा उपयोग झाला. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत असताना मूलद्रव्यांचा क्रम लावण्याच्या प्रयत्नातून त्यांची १८६९ ची आवर्त सारणी निघाली. परिषदेच्या ठरावांपेक्षा एका अध्यापकाच्या व्याख्यानांच्या टिपणाने अधिक काम केले, ही गोष्ट पुढील परिषदांच्या बाबतीतही अनेकदा दिसून येते.

शालेय अध्यापक या विचारविनिमयात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या दहा जणांच्या समितीने १८९२ च्या डिसेंबरात शिकागो येथे भौतिकी, रसायनशास्त्र व ज्योतिषशास्त्र या विषयांची एक परिषद बोलाविली. सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ आयरा रेम्सेन (१८४६–१९२७) हे तीत होते. भौतिकीसाठी गणिताची तयारी अधिक लागते, म्हणून शाळेत रसायनशास्त्र आधी व भौतिकी नंतर शिकवावी, असा सल्ला परिषदेने दिला. समितीने आपल्या वेळापत्रकात नेमका उलटा क्रम घातला. विषयाच्या जाणकारांचा सल्ला मागवावयाचा आणि निर्णय दुसरीकडे घ्यावयाचा, ही प्रथा तेव्हापासूनची आहे. या पार्श्वभूमीवर न्यू इंग्लंडमधील रसायनशास्त्र अध्यापकांनी १८९८ मध्ये स्वतःची संघटना स्थापिली, ही घटना महत्त्वाची होय. या संघटनेत शाळा व महाविद्यालय या दोहोंतील अध्यापक आरंभापासून सभासद आहेत.

ब्रिटनमध्ये विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांची संघटना विसाव्या शतकाच्या आरंभी निर्माण झाली. परंतु ती प्रथम विशिष्ट वर्गाच्या मुलांच्या शाळांपुरती होती. अध्यापिकांची संघटना वेगळी होती व त्या दोहोंचे एकीकरण होण्यास १९६३ साल उजाडले. जानेवारीच्या आरंभी भरणारी त्यांची वार्षिक सभा व तीतील शिक्षकांनी स्वतः बनविलेल्या उपकरणांचे प्रदर्शन ही तेथील परंपरा आहे.

अमेरिकन केमिकल सोसायटी या संस्थेत नील गॉर्डन यांच्या प्रयत्नाने १९२१ मध्ये रसायनशास्त्र शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९२४ पासून गॉर्डन यांच्याच संपादकत्वाखाली जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन हे नियतकालिक निघू लागले. परिषदेतील निबंध परिषदेबरोबरच विरून जाण्याचे त्यामुळे थांबले आणि प्रवास न परवडणाऱ्या शिक्षकापर्यंतही ते पोहोचू लागले.

विज्ञान शिक्षणातील १९६० च्या सुमाराची मोठी सुधारणा ही सोव्हिएट रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाने बसलेल्या धक्क्याचा परिणाम होय, असे सर्रास लिहिले जाते. रसायनशास्त्रापुरते तरी हे पूर्णांशाने खरे नाही. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी अवकाशात गेला. पोर्टलंड (ऑरेगन) येथील रीड कॉलेजात शाळा व महाविद्यालयांतील रसायनशास्त्र अध्यापकांची परिषद त्यापूर्वीच, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, भरली होती. शाळेतील रसायनशास्त्र म्हणजे पदार्थांच्या कृती व गुणधर्म यांची यादी झाली आहे. तिला एखाद्या मध्यवर्ती कल्पनेचा कणा हवा, असे तीत ठरले. ती कल्पना म्हणजे रासायनिक बंध. दुसरी परिषद १९५८ मध्ये वेस्लीयन विद्यापीठात झाली आणि अर्लम कॉलेजातील लॉरेन्स स्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली नवा अभ्यासक्रम तयार करण्यात आला. स्पुटनिकामुळे या कामाला पैसा मिळणे सोपे झाले, विचार मात्र अध्यापकांचा होता. १९६० मध्ये ग्लेन सीबॉर्ग (१९१२–९९) यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा प्रकल्प सुरू झाला. त्याचे १९६३ मधील पाठ्यपुस्तक जॉर्ज पिमेंटेल यांनी संपादित केले असून त्यात प्रयोग आधी व सिद्धांत मागाहून, असा क्रम आहे.

या दोन्ही अभ्यासक्रमांची अनेक देशांत वाखाणणी झाली. परंतु सर्वसाधारण विद्यार्थ्याला, विशेषतः बंधावर आधारलेला पहिला अभ्यासक्रम, फार अमूर्त वाटला. परिषदेस आलेले शालेय शिक्षक हे निवडक शाळांतील व निवडक विद्यार्थ्यांना शिकविणारे होते, हे त्याचे एक कारण असावे. विद्यार्थी कोणत्या वयात अमूर्त विचार करू शकतो, हा प्रश्न परिषदांतून गांभीर्याने चर्चिला जाऊ लागला तो मागाहून. पर्ड्यू विद्यापीठातील डडली हेरन यांनी १९७५ मध्ये प्याजे यांच्या मानसशास्त्राच्या आधारे असे दाखविले की, महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचीही अशा विचाराची तयारी झालेली नसते. ग्लासगो येथील अलेक्स जॉन्स्टन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अडचणीचे मूळ आणखी नेमके सांगितले. रसायनशास्त्राचा अध्यापक डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणुरेणू आणि फळ्यावरील चिन्हे या तीन पातळ्यांवर एकाच वेळी बोलतो. तो स्वतः सवयीने एका पातळीवरून दुसरीवर जातो. विद्यार्थी मात्र मध्येच कोठे तरी सुटतो. ही मांडणी त्यानंतरच्या बहुतेक सर्व परिषदांत आधारभूत म्हणून घेतली गेली आहे.

यूरोपात आयर्लंडमधील ग्रेस्टोन्स येथे १९६० मध्ये शालेय रसायनशास्त्रावर चर्चासत्र झाले व त्यातील विचारांचा प्रसार अनेक देशांत झाला. आंतरराष्ट्रीय शुद्ध व अनुप्रयुक्त रसायनशास्त्र संघाने १९६३ मध्ये अध्यापनविषयक समिती नेमली होती. यूनेस्को व हा संघ यांच्या सहकार्याने १९६९ मध्ये इटलीतील फ्रास्काती येथे परिषद झाली. रसायनशास्त्र शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका तिच्यापासून मोजतात. पुढे व्ह्‌रॉट्स्लाफ (१९७३), माद्रिद (१९७५), डब्लिन (१९७९), टोकिओ (१९८५), साऊँ पाउलू (१९८७), बँकॉक (१९९२), कैरो (१९९८), मॉरिशस (२००८) अशी ती सर्व खंडांत फिरली. केपटाउन येथील २०२० ची परिषद महासाथीमुळे २०२२ मध्ये भरली. अमेरिकेत १९७० मध्ये कोलोरॅडो राज्यातील स्नोमास येथे भरलेल्या परिषदेपासून दर दोन वर्षांनी राष्ट्रीय परिषद होऊ लागली. तीत शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे अध्यापक एकत्र येतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांची अल्प खर्चात राहण्याची सोय होत असल्याने शालेय शिक्षकांना ते शक्य होते.

या परिषदांतून टिकाऊ असे जे निघाले, त्यात उपकरणांचा व प्रयोगांचा वाटा मोठा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील ह्यूबर्ट अल्येआ (१९०३–९६) हे विक्रियेचे थोडेसे मिश्रण प्रक्षेपकावर ठेवून ती संपूर्ण वर्गाला पडद्यावर दाखवीत. या पद्धतीची प्रात्यक्षिके त्यांनी देशोदेशी करून दाखविली. दिल्ली विद्यापीठातील के. व्ही. साने व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात पीएच मापक, संवाहकतामापक व वर्णमापक ही उपकरणे स्थानिक बाजारात मिळणाऱ्या भागांपासून अल्प खर्चात तयार केली. त्यासाठी घेतलेल्या कार्यशाळांत अध्यापक स्वतः उपकरण जोडीत आणि दुरुस्तही करावयास शिकत. आयात केलेले उपकरण बिघडले की ते कपाटात जाते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या शेवटच्या गोष्टीचे मोल कळेल. दक्षिण आफ्रिकेत जॉन ब्रॅड्ली यांनी प्लॅस्टिकच्या खळगे असलेल्या लहान तबकडीत थेंबाथेंबांनी करावयाच्या प्रयोगांचा संच प्रचारात आणला. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही तो चालतो.

प्रात्यक्षिकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परिषदेत टाळ्या मिळविणारा प्रयोग शिक्षक हौसेने आपल्या वर्गात करतो. तेथे धूर ओढून घेणारी कपाटे नसतात व तयार साहाय्यकही नसतो. उघड्या बशीत मेथॅनॉल पेटवून धातूंच्या लवणांचे रंग दाखविण्याच्या प्रयोगात अमेरिकेत अनेक विद्यार्थी भाजले. अखेर २०१४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने तो या रीतीने करू नये, अशी शिफारस केली.

भारतात १९६० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोग व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद यांनी अमेरिकी साहाय्याने शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालविले. त्याच दशकात यूनेस्कोने आशियातील रसायनशास्त्र अध्यापनासाठी बँकॉक येथे पथदर्शी प्रकल्प सुरू केला. हे उपक्रम उपयुक्त असले, तरी त्यांत शालेय शिक्षक हा बहुधा श्रोता असे. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) येथे शालेय शिक्षकाबरोबर काम करण्याची रीत रुजली. शतक बदलण्याच्या सुमारास याच केंद्राच्या आश्रयाने रसायनशास्त्र अध्यापकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली व ती राष्ट्रीय संमेलने भरवू लागली. २००१ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडच्या तयारीनेही निरनिराळ्या पातळ्यांवरील अध्यापक एकत्र आले.

तथापि भारतातील परिषदांत शालेय शिक्षकांची संख्या अपेक्षेपेक्षा कमीच राहिली आहे. रजा, प्रवासखर्च व परीक्षेची कामे ही कारणे उघड आहेत. शिवाय २०१० च्या नियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीसाठी परिषदेतील निबंधवाचनाला गुण दिले. त्यामुळे परिषदांची संख्या वाढली. परंतु एका दिवसात अनेक निबंध उरकून प्रमाणपत्र घेऊन जाण्याची प्रथा पडली आणि अध्यापनाच्या प्रश्नांना त्यात जागा उरली नाही. ज्याला असे गुण मिळत नाहीत तो शालेय शिक्षक अर्थातच बाहेर राहिला. महाराष्ट्रात १०+२+३ या आकृतिबंधानंतर अकरावी-बारावीचे वर्ग काही ठिकाणी महाविद्यालयांना, तर काही ठिकाणी शाळांना जोडले गेले. येथे शिकविणारा अध्यापक यामुळे दोन्ही वर्तुळांच्या कडेवर आहे; वास्तविक संकल्पनांची मोडतोड सर्वांत अधिक होते ती याच दोन वर्षांत.

मराठीपुरता आणखी एक प्रश्न आहे. राज्याच्या शालेय पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल’ व ‘आम्लारी’ हे शब्द येतात, तर विश्वकोशासारख्या ग्रंथांत ‘अम्ल’ व ‘क्षारक’. ‘क्षार’ हा शब्द पाठ्यपुस्तकात लवणासाठी आहे आणि बोलण्यात पुष्कळदा अल्कलीसाठी वापरला जातो. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत गेला की, बहुधा इंग्रजी माध्यमात ‘ॲसिड’ व ‘बेस’ शिकू लागतो. येथील परिषदांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालत असल्यामुळे हा विषय त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो.