कराची ते कामोठे: डॉक्टर व्हायला निघालेल्या विद्यार्थ्याचं वर्ष कोण मोजतं?

एटीकेटी हा शब्द तुम्ही हजार वेळा ऐकला असेल, कदाचित भोगलाही असेल. विषय राहिला, पण पुढच्या वर्गात बसू दिलं. पूर्ण रूप 'अलाउड टू कीप टर्म्स'. यातल्या शेवटच्या शब्दाकडे जरा बघा. विद्यार्थ्याला भरू देतात ती 'टर्म'. ही टर्म म्हणजे नेमकं काय, आणि ती एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता येत होती का?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण मेडिकलला जायचं म्हणून सायन्स घेतलेल्या मुलाचं बिऱ्हाड मध्येच हललं, तर त्याचं वर्ष वाचणार की बुडणार हे याच्यावर ठरतं. शिवाय संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना यात एक चांगला धडा आहे: कंटाळवाण्या वाटणाऱ्या नियमातून इतिहासाचा प्रश्न कसा काढायचा.

टर्म: क्रेडिटची आजी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे सुरुवातीला ते शिकवत नव्हतं. शिकवायची कॉलेजं, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठानं. मग विद्यापीठाला कसं कळणार की हा मुलगा खरंच कॉलेजात बसला होता? त्यासाठी टर्म. प्राचार्यांनी हजेरीचा दाखला दिला की टर्म भरली, आणि टर्म भरली की परीक्षेला बसता आलं.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवा. कोणी शिकवलं? कोणी मोजलं? कोणी मान्य केलं? आज 'क्रेडिट ट्रान्सफर' म्हणताना आपण या तिन्हींची खिचडी करतो. इतिहासात त्या बऱ्याचदा तीन वेगळ्या हातांत होत्या.

मेडिकलला जाणाऱ्याची जुनी वाट अशी: मॅट्रिक, मग कॉलेजातलं सायन्सचं पहिलं वर्ष, मग इंटर सायन्स, आणि त्यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) किंवा परळचं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज (१९२६), म्हणजे आपलं केईएमचं जीएस. इंटर ही विद्यापीठाची परीक्षा होती, हे विसरू नका. म्हणजे मेडिकलपूर्वीची वर्षं विद्यापीठाच्या वहीत नोंदली जात. पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

प्रांत बदलला, वही तीच

आता कराचीला चला. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्यात होता. कराचीचं दयाराम जेठमल सिंध कॉलेज १८८७ साली निघालं आणि मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. गव्हर्नर वेगळा, कारभार वेगळा, तिजोरी वेगळी. पण सिंधचं स्वतःचं विद्यापीठ झालं थेट १९४७ मध्ये. मधली अकरा वर्षं प्रांत एक आणि विद्यापीठ दुसऱ्या प्रांतातलं, अशी स्थिती होती.

विद्यार्थ्याच्या बाजूनं विचार करा. १९४०चं दशक उजाडेपर्यंत सिंधमध्ये वैद्यकीय पदवीचं कॉलेज नव्हतं. कराचीत इंटर सायन्स झालेला मुलगा एमबीबीएससाठी मुंबईला आला, तर नकाशावर तो परप्रांतात आला होता. पण त्याची इंटरची परीक्षा घेतली होती मुंबई विद्यापीठानंच. प्राध्यापक वेगळे, शहर वेगळं, प्रांतही वेगळा. मोजणारा मात्र एकच. त्यामुळे त्याच्या अभ्यासाची 'बरोबरी' ठरवायचा प्रश्नच उभा राहत नव्हता. लाहोरच्या मुलाचं तसं नव्हतं. त्याचं विद्यापीठ पंजाबचं, म्हणजे मुंबईत त्याच्या परीक्षेला आधी समकक्षतेची चौकट हवी.

ऑगस्ट १९४७ नंतर प्रांताची हद्द ही देशाची हद्द झाली, आणि सिंधची वहीही मुंबईपासून तुटली. तेव्हा काय झालं बघा: विद्यार्थी आले तसे शिक्षकही आले. कराचीच्या सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं. सिंधमधल्या हैदराबादच्या नॅशनल कॉलेजिएट बोर्डानं १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केलं आणि १९५४ मध्ये चर्चगेटला केसी. या कॉलेजांकडे आपण 'निर्वासितांच्या जिद्दीची गोष्ट' म्हणून बघतो, आणि ते खरंच आहे. पण आणखी एक बाजू आहे. ही माणसं मुंबई विद्यापीठाचे नियम, अभ्यासक्रम, टर्मची पद्धत वर्षानुवर्षं राबवत आलेली होती. मुंबई विद्यापीठाच्या लेखी ती घरचीच होती. इमारत कराचीत राहिली, पत मात्र बरोबर आली.

विद्यापीठ बदललं, मुलगा तिथंच

याच्या बरोबर उलटं उदाहरण पुण्याचं. बी. जे. मेडिकल स्कूलचं १९४६ मध्ये पदवीचं कॉलेज झालं. तेव्हा पुणं मुंबई विद्यापीठाखाली होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं आणि कॉलेजची संलग्नता तिकडे गेली. विद्यार्थी त्याच वसतिगृहात, त्याच वॉर्डात. वही मात्र बदलली. पुढे १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली वैद्यकीय कॉलेजं त्याच्याकडे गेली. पुन्हा तोच खेळ.

सिंधचा आणि पुण्याचा विद्यार्थी शेजारी शेजारी ठेवा. एकाचा प्रांत हलला, दुसऱ्याचं विद्यापीठ. दोघांच्या दृष्टीनं जी हद्द कामाची होती ती नकाशावर नव्हती. ती परीक्षकाची हद्द होती.

इथे एक कानमंत्र. असं विद्यापीठ बदलतं तेव्हा कायद्याच्या शेवटी 'संक्रमणकालीन तरतुदी' असतात. लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत. जुन्या विद्यापीठात टर्म भरलेल्यांचं काय करायचं, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. कायदा हातात आला की आधी शेवटची पानं उघडा.

एकमेकांवर भरवसा ठेवायची यंत्रणा

विद्यापीठं वाढली तशी ओळखीवर चालणारी मान्यता पुरेना. १९२५ मध्ये इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड स्थापन झालं. एकमेकांच्या परीक्षा आणि पदव्या मान्य करणं हे त्याचं एक मुख्य काम. आज समकक्षतेचा दाखला देणारी भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था त्याचीच वारस.

वैद्यकात तर भरवशाचा प्रश्न समुद्रापार गेला होता. भारतीय वैद्यकीय पदव्यांना मान्यता द्यायची की नाही हे लंडनची जनरल मेडिकल कौन्सिल ठरवत असे, आणि प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणावरून वाद चिघळत १९३० मध्ये तिनं ती मान्यता काढून घेतली. त्यातून १९३३चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. देशभरातल्या पदव्यांचा एक दर्जा ठरवणारी संस्था आपल्याकडे झाली. पण त्या कायद्यानं लायसन्शिएट, म्हणजे मेडिकल स्कूलमधून शिकून पदविका घेतलेले डॉक्टर, बाहेर ठेवले. गावोगावी तेच रुग्ण तपासत होते. १९४६च्या भोर समितीनं डॉक्टर एकाच प्रकारचा असावा असं सुचवलं. पुढे लायसन्शिएटांसाठी एमबीबीएसचे संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. आजच्या भाषेत सांगायचं तर आधीच्या शिक्षणाचं क्रेडिट धरून उरलेलंच शिकवायचं. 'क्रेडिट' हा शब्द नवा असला तरी कल्पना नवी नाही, ती अशी.

वही विद्यापीठाकडून बोर्डाकडे

आता सगळ्यात मोठा बदल, ज्याकडे फारसं कुणी या नजरेनं बघत नाही. १९७०च्या दशकात १०+२+३ आकृतिबंध आला. इंटर गेलं, अकरावी-बारावी आली. घराघरात आपण अजून 'बी ग्रुप घेतलाय' म्हणतो, पण मेडिकलपूर्वीची ती दोन वर्षं विद्यापीठाच्या वहीतून निघून बोर्डाच्या वहीत गेली.

परिणाम काय झाला? अमेरिकेत किंवा कॅनडात मेडिकलची तयारी करणारा विद्यार्थी प्रांत बदलतो तेव्हा तो विद्यापीठाचे क्रेडिट घेऊन जातो, आणि नवं विद्यापीठ विषयागणिक तपासतं. आपल्याकडे तसं तपासण्यासारखं काही उरलंच नाही. बारावी कुठल्याही मान्य बोर्डाची चालते, गुणवत्ता ठरवायला नीट आहे. म्हणजे अभ्यासाची बरोबरी सुटली. पण त्याच जागी वेगळा प्रश्न आला: तू शिकलास कुठे?

महाराष्ट्रात राज्य कोट्यातल्या वैद्यकीय जागांसाठी सर्वसाधारण अट अशी आहे की रहिवास हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. काही अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात रहिवासावर आधारलेल्या राखीव जागांना मर्यादा घातली. १९८६च्या दिनेश कुमार खटल्यात ती पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यावर स्थिरावली. उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या दारात राज्य उभं आहे.

नवी मुंबईत हे फार टोचतं. सिडको १९७०ची. शहरच मुळात बाहेरून आलेल्यांचं. वडिलांची खासगी नोकरी वडोदऱ्याहून ऐरोलीला आली, मुलगी दहावी गुजरातेत करून आली, अकरावी-बारावी वाशीत झाली. नीटचे गुण चांगले. तरी राज्य कोट्याच्या दारात तिची दहावी आडवी येऊ शकते. मग उरतो अखिल भारतीय कोटा, नाहीतर अभिमत विद्यापीठं. शहरात ती आहेत: नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम. दोन्हींची मेडिकल कॉलेजं १९८९ची. पुढे अनुक्रमे २००२ आणि २००६ मध्ये दोन्ही संस्थांना अभिमत दर्जा मिळाला. तिथे दहावी कुठे झाली हे कुणी विचारत नाही. फी मात्र विचारते.

याच नियमाची दुसरी बाजू सीमाभागात दिसते. कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी खास तरतूद आहे. त्यांची दहावी-बारावी परराज्यातली, तरी महाराष्ट्र त्यांना आपलं मानतो. ऐरोलीची मुलगी आत राहूनही बाहेरची ठरू शकते, बेळगावकडचा मुलगा बाहेर राहूनही आतला. अभ्यासक्रमाशी याचा काही संबंध नाही. प्रश्न आपलं कोण, हा आहे.

क्रेडिटची बँक, आणि तिच्या बाहेरचं जग

२०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. क्रेडिट खात्यात जमा, विद्यापीठ बदललं तरी सोबत, जास्तीत जास्त सात वर्षं वैध. बीएस्सीच्या मुलासाठी मोठी सोय. पण एमबीबीएसची चाल वेगळी. तिथे क्रेडिटपेक्षा 'फर्स्ट एमबीबीएस' वगैरे प्रोफेशनल परीक्षा मोजतात. १९९७च्या नियमांत पहिली परीक्षा पास झाल्यावर, जागा रिकामी असेल तर, मर्यादित प्रमाणात कॉलेज बदलता येत होतं. २०२३च्या नियमावलीत स्थलांतराला मनाई करणारं कलम आलं. (प्रवेशाच्या कामासाठी हे वाचत असाल तर चालू वर्षाचं माहितीपत्रकच प्रमाण माना. हा लेख इतिहासाचा आहे.)

गंमत बघा: १९४० साली कराचीचा मुलगा एका प्रांताची हद्द ओलांडून मुंबईत आला तरी त्याचं इंटर जसंच्या तसं चालत होतं. आज डिजिटल खातं असून मेडिकलच्या बाबतीत ते कामी येत नाही. तंत्रानं अंतर कमी केलं, पण मान्यता तंत्र देत नाही. ती देते संस्था, आणि संस्था कुणावर विश्वास ठेवायचा हे इतिहासातून ठरवत आलेली असते.

तुम्ही काय कराल?

हा विषय घ्यायचा असेल तर 'भारतातील क्रेडिट हस्तांतरण: एक अभ्यास' असलं शीर्षक घेऊ नका. त्यात बुडाल. एक जोडी घ्या: दोन संस्था आणि एक तारीख. सिंध आणि मुंबई, १९३६ ते १९४७. किंवा मुंबई आणि पुणे, १९४९. मग वरचे तीन प्रश्न लावा: कोणी शिकवलं, कोणी मोजलं, कोणी मान्य केलं. तिन्हींची उत्तरं एकच संस्था असेल तर तिथे संशोधनाला फार वाव नाही. जिथे ती वेगळी पडतात, तिथे खणा.

साधनं दुर्मिळ नाहीत. विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं काढा. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे. नियम, संलग्न कॉलेजं आणि परीक्षांचे निकाल छापलेला वार्षिक ग्रंथ. लागोपाठची दोन वर्षं शेजारी ठेवून कुठला नियम बदलला ते वहीत उतरवा. मग महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात शिक्षण विभागाचे दफ्तर मागवा. नियम का बदलला, कुणी तक्रार केली, हे बहुधा अर्ज आणि शेऱ्यांत सापडतं. एखादा बाप 'मुलाचं एक वर्ष वाया जाईल' म्हणून अर्ज करतो, आणि कारकून कोपऱ्यात दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळींत धोरण असतं.

शेवटी एक काम देतो. घरात कुणाचं तरी जुनं स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'मायग्रेशन' म्हणतात, पडलेलं असेल. काढा. त्यावर दिलं कुणी, कुणासाठी, कुठल्या तारखेला, एवढं बघा, आणि त्या वर्षी त्या माणसाचं गाव बदललं होतं की विद्यापीठ, हे विचारा. तुमचा पहिला संशोधन-प्रश्न तिथून निघू शकतो.