बॅरीचे मस्तक

कुशीत मावणारा चिवावा आणि वासराएवढा ग्रेट डेन शेजारी शेजारी उभे केले, तर दोघांचा पूर्वज एकच लांडगा होता हे सांगूनही खरे वाटत नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीस आला त्याला निदान १४ हजार वर्षे लोटली. जर्मनीतील बॉनजवळ १९१४ साली सापडलेल्या तितक्या जुन्या थडग्यात दोन माणसांच्या अस्थींबरोबर कुत्र्याच्याही अस्थी निघाल्या. मात्र आज नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दोन शतकांतच निश्चित झाल्या. तत्पूर्वी कुत्र्याची पारख रूपावरून नव्हे, तर कामावरून होई. कोणी मेंढरे वळवी, कोणी सशामागे धावे, कोणी दार राखी. ही पारख पुढे कशी पालटली, याची साक्ष स्वित्झर्लंडमधील बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली आहे.

आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड २४६९ मीटर उंचीवर आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. संत अगस्तीन यांच्या नियमाने राहणारे धर्मबंधू ती अजूनही चालवितात. सतराव्या शतकात त्यांनी पहाऱ्यासाठी कुत्री बाळगली. पुढे बर्फात गाडलेल्या माणसाचा माग काढण्यातही ती तरबेज ठरली. अंगावर आखूड केस, बांधा मध्यम, तोंड लांबट. त्यांच्या रूपाचा नियम कोणी लिहिलेला नव्हता.

१८०० साली जन्मलेला बॅरी हा त्यांतलाच. त्याने ४० जीव वाचविले असे सांगतात. एकेचाळिसाव्याने लांडगा समजून त्याला ठार केले, ही कथा मात्र खोटी. १८१२ मध्ये त्याला विश्रांतीसाठी बर्नला नेले आणि तेथेच १८१४ मध्ये तो वारला. गळ्यातल्या ब्रँडीच्या पिंपाचीही तीच गत. ते प्रसिद्धीस आले लँडसिअर या इंग्रज चित्रकाराच्या १८२० सालच्या चित्रामुळे. पण लोकांना पिंपच अधिक आवडले, त्याला इलाज काय!

१८१६ ते १८१८ या वर्षांच्या कडक हिवाळ्यांत मठातील बरीच कुत्री दगावली. उरलेल्यांचा वंश टिकावा म्हणून १८३० नंतर न्यूफाउंडलँड जातीशी संकर करण्यात आला. संततीला लांब केस आले आणि त्या केसांत बर्फाचे गोळे अडकू लागले. असली कुत्री खिंडीत निरुपयोगी, म्हणून ती खालच्या दऱ्यांतील लोकांना देण्यात आली. गंमत अशी की, हीच केसाळ कुत्री शहरवासीयांच्या डोळ्यांत भरली.

तोवर इंग्लंडमध्ये कुत्र्यांची प्रदर्शने सुरू झाली होती. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. १८८७ मध्ये झुरिच येथे सेंट बर्नार्ड जातीचे प्रमाणलक्षण मान्य झाले. कपाळ कसे असावे, तोंडाचा उतार कसा असावा, हे आता कागदावर आले. कागदाचा प्रभाव केवढा, हे पुढे मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी मोजून पाहिले. सुमारे १२० वर्षांच्या काळातील ४७ कवट्या त्यांनी तपासल्या. कवटी पिढ्यानुपिढ्या रुंदावत गेलेली, भुवयांवरचा उंचवटा वाढलेला आणि नाकाडाचा उतार तीव्र झालेला आढळला. प्रमाणलक्षणात जे वाखाणले होते, तेच हाडांत उतरले होते. बॅरीचे वजन ४० ते ४५ किलो असावे. आजच्या नराचे ६५ किलोंच्याही पुढे जाते. हिमकड्याखाली दबलेल्यांच्या शोधासाठी आता इतर जातींची हलकी कुत्री नेतात. सेंट बर्नार्डचे मठातील संगोपनही २००५ पासून मार्तिन्यी येथील एका संस्थेकडे गेले आहे.

इकडे बर्नमध्ये बॅरीचे कातडे जीर्ण होऊन फाटू लागले होते. १९२३ मध्ये ते नव्याने बसविण्यात आले. त्या वेळच्या सेंट बर्नार्डशी बॅरीचा चेहरा जुळेना. तेव्हा कारागिराने मूळ पुरुषाचेच मस्तक वंशजांच्या वळणावर नेले आणि पूर्वी खाली झुकलेली मानही उंच केली. संग्रहालयात येणारी मुले आज ज्याच्यापुढे उभी राहतात, तो हाच बॅरी.