श्रावणाचा कवी आणि भादलीचे स्टेशन

आंबिवलीच्या फलाटावर उभे राहिले की कसाऱ्याकडे जाणारे रूळ दिसतात. हेच रूळ पुढे इगतपुरी, मनमाड, जळगाव करीत भुसावळला पोचतात. जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये भादली नावाचे लहानसे स्टेशन लागते. तिथे ५ मे १९१८ रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघे २७.

शाळेत मी वर्षानुवर्षे शिकवले, बालकवी म्हणजे निसर्गात रमणारे आनंदी कवी. मुलेही पेपरात तेच लिहीत आणि मी पूर्ण गुण देत असे. आता वाटते, ते उत्तर अर्धेच होते.

१८९० साली धरणगावला त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात, सतत बदल्या, त्यामुळे शिक्षणाची आबाळ झाली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्यासारखी माया लावली. पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही.

निसर्ग मनाला औषध होतो, हा विचार इंग्रजी कवितेत वर्डस्वर्थने रुजवला. १७९८ साली त्याचा आणि कोलरिजचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह निघाला. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने तर आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की तरुणपणीच्या खिन्नतेत वर्डस्वर्थच्या कवितांनी आपल्याला हात दिला.

मग बालकवींना निसर्गाने का नाही सावरले? 'श्रावणमास' आणि 'फुलराणी' लिहिणाऱ्या हातानेच 'पारवा' लिहिली आहे, हे आपण विसरतो. 'औदुंबर' तर आठच ओळींची कविता. हिरवाई, ओढा, गाव, पायवाट सगळे त्यात आहे, पण शेवटी पाण्यावर काळोखी पसरवून ते झाड एकटेच बसले आहे. ते कुणाला विरक्त वाटले, कुणाला उदास.

पत्नी गेल्यानंतरचा पहिला पावसाळा मला आठवतो. खिडकीतून हिरवे रान बघून दुःख कमी झाले नाही. पण तासभर तिथे बसवले, एवढे खरे. बालकवींनाही निसर्गाने एवढेच दिले असेल का? तसे असेल तर तेही थोडे नव्हे.

आज पुन्हा वर्ग मिळाला, तर 'श्रावणमास' आणि 'पारवा' एकाच तासाला शिकवीन.