मुंबईची खाणावळ : जागा आणि गिऱ्हाईक

मुंबईत खाण्याचा धंदा कुणासाठी चालवायचा, हे बहुतेक वेळा त्याच्या जागेनेच ठरवले. गिरणगाव, माटुंगा, रस्त्यांचे नाके आणि दादर स्टेशन यांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, वरळी भागांत गिरण्या वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुले गावी ठेवून चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांच्यासाठी शेजारच्याच खोल्यांत बायकांनी खाणावळी चालवल्या. गिऱ्हाईक ठरलेले असल्यामुळे पाटीची गरज नव्हती. जेवणाच्या वेळा गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे ठरत, चव गावाकडची असे आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. महिनाभराची उधारी सांभाळण्यासाठी खाणावळवालीला मात्र वाण्याकडून किंवा सावकाराकडून जबर व्याजाने उचल घ्यावी लागे. गिरणगाव ज्यांच्या हातचे जेवला, त्या बायकांचे कष्ट फार काळ हिशेबात धरलेच गेले नाहीत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली.

माटुंग्याचे गिऱ्हाईक वेगळे होते. तिथे दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्यांची वस्ती होती. स्टेशनजवळ 1942 मध्ये रामा नायक यांनी सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळू लागले. घरापासून दूर असलेल्या माणसाला गावचे जेवण देणे, हे काम लालबागच्या खाणावळीचेही होते आणि माटुंग्याच्या बोर्डिंगचेही. वस्ती बदलली तसे ताट बदलले.

इराणी हॉटेलवाल्यांनी मात्र रस्त्यांचे नाके धरले. कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते आणि ते जातीपातीचे वा एका प्रांताचे नसते. म्हणून तिथे चहा, ब्रून-मस्का, खिमा असे कुणालाही चालणारे आणि पटकन मिळणारे पदार्थ आले. ओळख नसल्याने व्यवहार रोखीचा राहिला.

स्टेशनबाहेरच्या गिऱ्हाइकाला तर बसायलाही सवड नसते. दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी विकायला सुरुवात केली असे मानतात, तो वडापाव हातात धरून, गाडी गाठता गाठता खाता येतो. ताट, टेबल, उधारी यांतले काहीच लागत नसल्यामुळे तो कामगारालाही परवडला.

जागेचे रूप पालटले की जुने गिऱ्हाईकही जाते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले. पाळीवरून येणारा कामगार गेला आणि दुपारी जेवायला बाहेर पडणारा नोकरदार आला. महिन्याच्या हिशेबाची जागा रोजच्या रोख बिलाने घेतली. रस्ते तेच राहिले, पण त्यांवरून चालणारी माणसे बदलली, आणि नव्या माणसांची वेळ, चव व ऐपत ओळखणाऱ्यांचाच धंदा तिथे टिकला.