दुखणे कंबरेचे की खुब्याचे?

साठी उलटलेला मनुष्य कंबरेवर हात ठेवून ‘येथे दुखते’ असे सांगतो, तेव्हा वैद्याला फारसे काही कळलेले नसते. मराठीतला ‘कंबर’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. खालच्या मणक्यांपासून खुब्यापर्यंतचा सारा मुलूख त्यात सामावतो. दुखण्याचे मूळ कण्यात की खुब्याच्या सांध्यात, हा प्रश्न मात्र फार जुना आहे आणि त्याचे उत्तर चुकले की उपचार भलत्याच जागी होतो.

प्राचीन भारतीय वैद्यकात ह्या वेदनेला ‘गृध्रसी’ असे नाव आहे. नितंबापासून निघालेली वेदना कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असा क्रम धरून पावलापर्यंत उतरते, हे चरकसंहितेने टिपले. सुश्रुताने पाय उचलण्यास होणाऱ्या अडथळ्यावर बोट ठेवले. गुडघा न वाकविता रोग्याचा पाय वर उचलून पाहण्याची परीक्षा फ्रान्समध्ये लासेगच्या शिष्याने 1881 साली ग्रंथित केली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

युरोपात ‘सायटिका’ हे नावच मुळी खुब्याच्या ग्रीक नावावरून आले. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने 1764 मध्ये सांध्याची वेदना आणि नसेची वेदना ह्या वेगळ्या असल्याचे दाखविले. नसेभोवती साचणारा द्रव हे त्याने दिलेले कारण टिकले नाही; त्याने केलेला भेद टिकला.

1934 मध्ये मिक्स्टर आणि बार ह्या बोस्टनच्या शल्यवैद्यांनी मणक्यांमधील सरकलेल्या चकतीचा दाब नसेवर पडतो, हे सिद्ध केले. नवे कारण सापडले की काही काळ सर्वत्र तेच दिसू लागते, तसेच झाले. वृद्धांचे दुखणे पुष्कळदा निराळेच असते. चालता चालता पाय जड होतात, बसले किंवा पुढे वाकले की हलके वाटते. त्याचे मूळ कण्याची नाळ अरुंद होण्यात आहे, हे हॉलंडच्या फेर्बीस्ट याने 1954 च्या लेखात मांडले.

खुब्याची कथा अधिक नाट्यमय आहे. इंग्लंडमधील जॉन चार्नली याने कृत्रिम सांध्याची वाटी प्रथम टेफ्लॉनची केली. ती काही वर्षांतच झिजली आणि शेकडो रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. त्याने टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांचा परिणाम पाहिला. नोव्हेंबर 1962 मध्ये त्याने पॉलिथिलीनची वाटी बसविली; पुढील खुबारोपणाचा पाया तोच.

उपाय हाती आले, तसा निदानाचा प्रश्न अधिकच बिकट झाला. 1990 साली कोणतीही तक्रार नसलेल्या 67 व्यक्तींच्या कण्याची एम.आर.आय. तपासणी झाली, त्यांतील साठीच्या पुढच्यांपैकी 36 टक्क्यांत सरकलेली चकती आणि 21 टक्क्यांत अरुंद नाळ आढळली. चित्रात दोष दिसला म्हणून वेदना त्याचीच, असे ठरत नाही. शिवाय कणा आणि खुबा दोन्ही झिजलेले असू शकतात. ऑफिएर्स्की व मॅक्नॅब यांनी 1983 मध्ये ह्या जोडविकाराकडे लक्ष वेधले. अशा वेळी जुनीच रीत कामी येते. वेदना जांघेत आहे काय आणि पाय आत वळविताना कळ येते काय, हे पाहावयाचे. तसे असेल तर संशय खुब्यावर जातो. तरीही शंका उरली, तर खुब्याच्या सांध्यात बधिरतेचे औषध टोचतात आणि रोग्याला थोडे चालावयास सांगतात.