सातवाहनांच्या घरातील लेकीसुना

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सेक्रेटरीबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. लोणच्यांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या वर्षी आपली सहल पांडवलेण्यांवर गेली होती. तिथे तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत बसून डबे खाताना मी बोलता बोलता सांगितले की, ज्या आजीने हे लेणे दिले तिचा लेख भिंतीवर कोरलेला आहे. त्यावर दोघीतिघींनी विचारले, "आजीने? राजाने नव्हे?" त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी पुरे झाले नाही. ते आता देते.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. नाणेघाट आम्हाला लहानपणापासून ठाऊक. कोकणातून चढून येणारी ती दगडी वाट, माथ्यावरचा तो मोठा दगडी रांजण. जकातीचे नाणे त्यात टाकीत, असे आमचे आजोबा सांगत. घाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर अक्षरे आहेत, पण ती कोणाची हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही. इतिहासाच्या पुस्तकात सातवाहनांना अर्धे पान होते. सिमुक, सातकर्णी, गौतमीपुत्र, एवढी नावे पाठ केली की मार्क मिळत. ती अक्षरे एका बाईने कोरवून घेतली, हे मला लग्नानंतर नाशिकला वाचनालयातल्या पुस्तकातून कळले.

ती नागनिका. एका महारठी सरदाराची लेक आणि सातकर्णी राजाची राणी. पती वारल्यावर मुलांच्या लहानपणी राज्याचा भार तिने वाहिला असे अभ्यासक मानतात. लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे, सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा. त्यात दोन अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची नोंद आहे आणि प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांनिशी दिली आहे. एका यज्ञात १२ गाई व १ घोडा, दुसऱ्यात १,७०० गाई व १० हत्ती, आणखी एकात ११,००० गाई व १,००० घोडे. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण दक्षिणा, आणि बघ्यांना व नोकरचाकरांना ६,००१. तो वरचा एक वाचून मला हसूच आले. आपणही आहेरात वरचा एक रुपया विसरत नाही! स्वतःविषयी ती एवढेच सांगते की महिनामहिना उपास केले, घरात राहूनच तापसीप्रमाणे व्रतस्थ राहिले. मागल्या भिंतीशी राजघराण्यातील माणसांचे पुतळे होते. ते आता नाहीत, पण वरची नावे वाचता येतात. त्यांतल्या एका जागी देवी नायनिका आणि राजा सिरी सातकणि अशी जोडीची नावे आहेत, तिचे आधी आणि त्याचे मागून.

हे राज्य उभे राहिले ते अशा घाटांच्या जोरावर. सोपारा, कल्याण बंदरांतला माल नाणेघाटाने जुन्नरला व पुढे पैठणला जाई. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकात पैठणचे अकीकासारखे खडे आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याचे आले आहे. परंतु त्याच पुस्तकात असेही आहे की, पूर्वी राजरोस चालणाऱ्या कल्याण बंदरात आता अडथळा असून तिथे चुकून लागलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेतात. बंदर अडले म्हणजे घाट ओस, आणि घाट ओस पडला म्हणजे रांजण रिकामा. गुजरातेकडून आलेल्या शक क्षत्रपांनी सातवाहनांच्या घराची नाडीच दाबली होती. नहपान क्षत्रपाच्या वेळी नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा मुलूख गेला.

नहपानाचा जावई उषवदात याचे लेणे पांडवलेण्यांतच आहे, नंबर दहा. त्याची मला एक गोष्ट फार आवडली. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धन गावच्या विणकरांकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला बारा बारा कार्षापण कपड्यांसाठी द्यायचे. मी वहीवर हिशेब मांडून पाहिला. २,००० चे महिन्याला २०, वर्षाचे २४०, वीस जणांत वाटले की बरोबर बारा! आपल्या भिशीत इतका चोख हिशेब जमला असता तर दोन वर्षांपूर्वीची ती वादावादी टळली असती. असो.

मग आला गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाचे क्षहरात घराणे निखंदून काढले. याचा पुरावा लेखापुरता नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारून घेतलेला आहे. शत्रूचे नाणे वितळविले नाही, त्याच्या तोंडावर आपला शिक्का उमटविला.

या मुलाच्या नावात आई आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही आई म्हणजे गौतमी बलश्री. तीन नंबरच्या लेण्यात तिच्या घरचे तीन लेख आहेत. तिन्ही एकामागून एक वाचले की एखाद्या घरातली जुनी पत्रे चाळल्यासारखे वाटते.

पहिला लेख गौतमीपुत्राच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून तो हुकूम देतो की, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. दुसरा सहा वर्षांनंतरचा. हा हुकूम राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघालेला आहे. त्यात म्हटले आहे की, कखडी गावचे जे शेत आम्ही दिले होते ते कसले जात नाही, गावातही वस्ती उरलेली नाही, तेव्हा त्याऐवजी शहराच्या शिवेवरचे आमचे १०० निवर्तने शेत द्यावे. सगळे विद्वान गौतमीपुत्राच्या विजयांविषयी लिहितात. माझी नजर मात्र त्या ओस गावावर अडली. लढाया जिंकल्या, तरी कखडीचे लोक कुठे गेले? मला विचाराल तर राज्याचा उतार कुठून सुरू झाला हे त्या चार शब्दांत दिसते. या हुकमात राजमातेला एक विशेषण आहे, जिचा पुत्र हयात आहे ती. मजकुराला त्याची गरज नव्हती, पण तिने ते लिहविले.

तिसरा लेख नातवाच्या, पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षाचा. यात ते विशेषण नाही. महाराजाची आई आणि महाराजाची आजी, असे ती स्वतःला म्हणविते. लेण्याचे दान सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या, पण म्हातारीने मुलाचे गुण सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यालेले, शक-यवन-पल्हवांचा त्याने संहार केला, सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे केले. विदर्भ, अपरान्त म्हणजे आपले कोकण, मूलक म्हणजे पैठणचा भाग, सुराष्ट्र, अवंती, सारे मुलूख तिने मोजले आहेत. कर न्यायाने घेई, प्रजेच्या सुखदुःखात वाटेकरी होई. चार वर्णांचा संकर त्याने थांबविला असेही आहे. आणि या सगळ्यांत हेही, की तो आईची सेवा अखंड करी. मुलगा गेलेल्या बाईला त्याच्याविषयी बोलू द्यावे, मध्ये अडवू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तर दगडाने ऐकून घेतले. लेणे सुंदर आहे. खालच्या बाजूला सहा गण खांद्यावर लेणे तोलून धरतात. आणि हरलेल्या शत्रूच्या जावयाचे लेणेही तिथेच जवळ, न मोडता ठेवलेले.

परंतु लेखातले सगळेच टिकले नाही. उज्जैनच्या शकांचा रुद्रदामन जोरावर आला. इ.स. १५० च्या सुमाराच्या त्याच्या गिरनारच्या लेखात तो म्हणतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा उघड लढाईत हरविले, पण नाते जवळचे म्हणून समूळ नष्ट केले नाही. हे नाते कसले, ते कान्हेरीच्या लेण्यात एका पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखावरून समजते. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. लेख तुटका आहे. बापाचे नाव पहिल्या अक्षरापाशीच फुटते, तो रुद्रदामनच असे समजतात. राणीचे नाव तर उरलेच नाही. म्हणजे ज्या घरच्या आजीने शकांचा संहार आणि वर्णांची शुद्धता अभिमानाने कोरविली, त्याच घरात शकांची मुलगी सून होऊन आली आणि तिच्यामुळे राज्य काही काळ वाचले. सासरमाहेरच्या दोन फौजा समोरासमोर उभ्या असताना तिने काय केले असेल, हे मनात आणून पाहावे. तिच्या स्तुतीचा एकही लेख नाही.

यज्ञश्री सातकर्णीने पुन्हा थोडे सावरले. त्याच्या नाण्यांवर गलबते आहेत, पण ती नाणी पूर्वेकडच्या आंध्र किनाऱ्याची. पांडवलेण्यांत त्याच्या सातव्या वर्षीचा लेख आहे. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेले लेणे पुष्कळ वर्षे अपुरे पडले होते, ते महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने पुरे करविले. त्यानंतर तिसऱ्या शतकात राज्य फुटले. दूरचे सरदार आपापल्या जागी राजे झाले. आंध्रात इक्ष्वाकू, विदर्भात पुढे वाकाटक आणि नाशिकला आभीर.

आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक लेख दहा नंबरच्या लेण्याच्या अंगणात आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेव दिले. ठेव राजाकडे दिलेली नाही. गोवर्धनच्या कुंभारांकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे आणि तेल गाळणाऱ्या तेल्यांकडे दिली आहे. नहपान गेला, गौतमीपुत्र गेला, सातवाहन गेले, आणि ही बाई तेल्याकडे पैसे ठेवायला निघाली! येत्या सहलीला कान्हेरी ठरली, तर ते टाके मला एकदा पाहायचे आहे.