नॉम पेन्हचे पाणी : गळतीकडून चोवीस तास पुरवठ्याकडे

विकसनशील देशांत रस्ते, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणावरील खर्च प्रामुख्याने सरकारी तिजोरीतून आणि परदेशी कर्जांतून होतो. जलशुद्धीकरण केंद्राचे थाटात उद्‌घाटन होते. मात्र काही वर्षांतच जलवाहिन्या गळू लागतात, पाणीपट्टी थकते आणि नव्या कर्जाची गरज भासते, असा अनुभव अनेक शहरांना येतो. हे चक्र भेदणाऱ्या मोजक्या शहरांत कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हचा समावेश होतो.

पार्श्वभूमी

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने नॉम पेन्ह ताब्यात घेतले आणि सारे शहर सक्तीने रिकामे केले. जानेवारी १९७९ मध्ये ही राजवट कोसळली, तेव्हा पाणीपुरवठा यंत्रणेजवळ अनुभवी मनुष्यबळ जवळपास उरले नव्हते. १९९३ पर्यंत शहराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला नळाचे पाणी मिळे आणि तेही दिवसातून सुमारे दहा तास. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाणी गळती व चोरीमुळे हिशेबाबाहेर जात असे. ग्राहकांच्या यादीतील अनेक नावे प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती, तर हजारो जोडण्यांची नोंदच नव्हती. गोरगरिबांना विक्रेत्यांकडून चढ्या दराने पाणी घ्यावे लागे.

सुधारणांचा क्रम

१९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या आणि परदेशी मदतीचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी अभियंते एक सॉन चान यांच्याकडे पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रे आली. जपान व फ्रान्सचे अनुदान, तसेच जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेची कर्जे यांतून जुन्या वाहिन्या बदलण्यात आल्या आणि शुद्धीकरण केंद्रांची क्षमता वाढविण्यात आली.

त्याच्या जोडीने कारभारही बदलला. घरोघर पाहणी करून ग्राहकांची यादी नव्याने तयार झाली. प्रत्येक जोडणीला मीटर बसविण्यात आले. बेकायदा जोडणी शोधून काढणाऱ्यांना बक्षीस आणि तीत सामील असलेल्या कर्मचाऱ्यांना शिक्षा, असा नियम झाला. बिल थकविणाऱ्या सरकारी कार्यालयांना व बड्या व्यक्तींनाही सवलत नव्हती. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसविताना आपल्यावर बंदूक रोखली गेली होती, असे चान यांनी पुढे सांगितले.

१९९६ मध्ये प्राधिकरणाला स्वायत्तता मिळाली. आर्थिक व्यवहार आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका यांबाबतचे निर्णय त्यामुळे प्राधिकरणाच्या हाती आले. पाणीदर टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले. मात्र कमी वापराला कमी दर ठेवण्यात आला. गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात अनुदान आणि हप्त्यांची सोय मिळाली.

गळती रोखण्याचे महत्त्व

खंडित पुरवठ्यात पाणी बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या जागांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. त्यामुळे केंद्रात शुद्ध केलेले पाणीही नळाला येईपर्यंत दूषित होऊ शकते. गळती थांबली की दाब टिकतो आणि दूषिततेचा धोका घटतो. शिवाय वाचलेले पाणी नव्या ग्राहकांना देता येते आणि नव्या केंद्रावरील खर्च लांबणीवर पडतो.

फलित

२००६ पर्यंत हिशेबाबाहेरील पाण्याचे प्रमाण सुमारे ६ ते ८ टक्क्यांवर आले. पुरवठा चोवीस तास झाला आणि शहराचा बहुतांश भाग जाळ्यात आला. त्याच वर्षी चान यांना शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर २०१० मध्ये प्राधिकरणाला स्टॉकहोम उद्योग जल पुरस्काराने गौरविण्यात आले. एप्रिल २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात नोंदणी झालेली ही पहिली संस्था ठरली. मात्र बहुसंख्य भागभांडवल सरकारने स्वतःकडेच ठेवले.

अपुरे राहिलेले काम

मलनिस्सारणाला मात्र हे यश लाभले नाही. नळाचे पाणी वाढले तसे सांडपाणीही वाढले आणि ते दीर्घकाळ प्रक्रियेविना शहराच्या दक्षिणेकडील पाणथळ जमिनींत सोडले जात राहिले. वाढत्या बांधकामांसाठी याच पाणथळ जागांवर भराव टाकण्यात आले. पाण्याचे मीटर मोजून बिल वसूल करता येते, मलवाहिनीचा लाभ मात्र साऱ्या शहरात विभागला जातो. म्हणून तिच्यासाठी निधी उभारणे अधिक अवघड ठरते. पाणीपुरवठ्याची योजना आखतानाच सांडपाण्याची तरतूद न केल्यास आरोग्याचा प्रश्न शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, असेच नॉम पेन्हच्या अनुभवावरून दिसून येते.